शेखचिल्लीची चिली

स्वयंपाकशास्त्राला तुमचं योगदान काय, असं उद्या कुणी मला विचारलं तर मी मान ताठ ठेवून सांगेन, की चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्या शास्त्राला चार शब्द दिले : 'आज मीठ कमी आहे.'

हे चार शब्द उच्चारायलासुद्धा एक बैठक लागते. पहिला घास घ्यायचा, डोळे किंचित मिटायचे, जीभ टाळ्याला लावायची आणि मग, कुणाच्याही भावना दुखवायचा आपला हेतू नाही पण सत्य ते सत्यच, अशा सुरात निकाल द्यायचा. आमच्या वडिलांचा ह्यात हातखंडा होता. ते तर नुसत्या वासावरून मीठ कमी आहे हे ओळखत. आजोबा बहुधा पानावर बसण्यापूर्वीच ओळखत असावेत. तेव्हा ही घराण्याची गायकी आहे. त्यातून मी चौतीस वर्षं सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेली. दुसऱ्यानं लिहिलेली वही उघडायची, चूक शोधायची, तांबड्या शाईनं आक्षेप नोंदवायचा आणि पान उलटायचं, हा माझा धंदा. चौतीस वर्षांत मी स्वतः एकही वही लिहिली नाही. ऑफिसात जे वहीचं, तेच घरात आमटीचं. मी आक्षेप नोंदवी. ही काही न बोलता मिठाची वाटी माझ्या पानाकडे सरकवी. आक्षेपाचं निराकरण होई.

तर असा मी, गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी लेकीकडे अमेरिकेत जाऊन राहिलो. टेक्सासातलं सॅन अँटोनिओ हे गाव.

लेकीकडे अमेरिकेत गेलेल्या आईला काम असतं, बापाला नसतं. हिनं विमानातून उतरल्यावर पाऊण तासात लेकीच्या स्वयंपाकघरातले सगळे खण उघडून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या जागाही बदलल्या. मी काय करणार? दारात वर्तमानपत्र पडत नाही. कोपऱ्यावर कट्टा नाही. पासबुक भरून आणायला बँक नाही. पायी फिरावं, तर रस्त्यानं आपणच एकटे. जाणाऱ्या गाड्या थांबवून लोक विचारतात, काही मदत हवी का? मंगळवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली, की रिकामा डबा रस्त्यावरून घरात आणायचा, एवढं एक खातं माझ्याकडे सोपवलं होतं. ते मी इतक्या निष्ठेनं सांभाळी, की गाडी यायच्या आधी अर्धा तास मी डब्याशेजारी उभा असे. गाडीवाला मला सलाम करू लागला होता.

आणि मग नोव्हेंबरातला तो बुधवार उजाडला. लेक ऑफिसातून दमून आलेली. हिनं चिंचगुळाची आमटी केलेली. मी पहिला घास घेतला, डोळे किंचित मिटले आणि सवयीनं बोलून गेलो, 'आज मीठ कमी आहे.'

हिनं मिठाची वाटी उचलली. पण ती माझ्यापर्यंत पोचली नाही. लेकीनं ती वाटेतच अडवली.

'बाबा, आजवर एकदा तरी तुम्ही स्वतः कशात मीठ घातलंय का हो?'

'घातलंय की! वरून घेतो ना रोज.'

'ह्या शनिवारी स्वयंपाक तुम्ही करायचा. एकट्यानं. आईनं नुसतं बसायचं.'

मी जावईबापूंकडे पाहिलं. ते पोळीचा तुकडा उलटसुलट करून बघत होते. जावई फार पुढे जाणार, हे मी लग्नातच ओळखलं होतं.

'करीन की!' मी म्हणालो. 'त्यात काय आहे एवढं? बोलवा आणखी कुणाला बोलवायचंय ते!'

हे शेवटचं वाक्य मी का बोललो, ते मला अजून कळलेलं नाही. लेकीनं मात्र पानावरूनच शेजारच्या आजी-आजोबांना फोन लावला.

शेजारचे आजोबा म्हणजे सव्वासहा फूट उंचीचे अस्सल टेक्सासवासी. डोक्यावर घमेल्याएवढी टोपी. आमचे बखरकार गोऱ्या माणसाला 'टोपीकर' म्हणत. तो शब्द त्यांनी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून घडवला असावा, ते मला ह्यांना पाहून कळलं.

पदार्थ सुचवला जावईबापूंनी. 'बाबा, चिली करा. ह्याच गावची आहे. एकच भांडं लागतं. पोळ्या लाटायला नकोत, भात लावायला नको. शिवाय बिघडली तरी बिघडली हे लवकर कळत नाही.' हा शेवटचा गुण मला फार मोलाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते मला चिलीचं जन्मस्थान दाखवायला घेऊन गेले. गावाच्या मध्यभागी मिलिटरी प्लाझा म्हणून चौक आहे. आता तिथे नगरपालिकेची इमारत उभी आहे. एकोणिसाव्या शतकात दिवेलागण झाली, की मेक्सिकन बाया ह्या चौकात कंदील लावून, चुली पेटवून चिलीची भांडी मांडीत. त्यांना 'चिली क्वीन्स', म्हणजे चिलीच्या राण्या, म्हणत. १८९० च्या सुमाराला ही इमारत झाली, तेव्हा राण्या शेजारच्या चौकांत गेल्या. पुढे १९३० च्या दशकात आरोग्यखात्यानं स्वच्छतेचं कारण देऊन त्यांना तिथूनही उठवलं. आणि १९७७ साली टेक्सासच्या विधिमंडळानं चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर केला. म्हणजे आधी राण्या गेल्या आणि मग पदार्थ राजमान्य झाला. मी चौकात उभा राहून त्या बायांचा विचार करत होतो. कंदिलाच्या उजेडात बाकावर बसून, डोळे मिटून, 'आज मीठ कमी आहे' म्हणणारा एखादा तरी त्यांना रोज भेटत असणारच.

संध्याकाळी कुंपणापाशी टोपीकर भेटले.

'चिली करताय म्हणे! मांस कुठलं आणलंत?'

'मांस नाही. शाकाहारी चिली.'

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. मग एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं म्हणाले, 'ह्या पदार्थाचं पूर्ण नाव चिली कॉन कार्ने. म्हणजे मांस घातलेली मिरची. आता त्यातून मांस काढलं, तर उरलं काय?'

'मिरची,' मी म्हणालो.

'आणि त्या मिरचीत तुम्ही घालणार काय?'

'घेवडा.'

आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादात कुणी कांद्याची फोडणी घातली, तर गुरुजींचा चेहरा जसा होईल, तसा टोपीकरांचा झाला. टेक्सासात चिलीत घेवडा घालणं हे पाप आहे. चिलीच्या मोठमोठ्या स्पर्धांच्या नियमांतच लिहिलेलं असतं, की घेवडा चालणार नाही.

रात्री जावईबापूंनी मला ह्या स्पर्धांचं मूळही सांगितलं. १९६७ साली एच. ॲलन स्मिथ नावाच्या, न्यूयॉर्ककडे राहणाऱ्या एका लेखकानं एक लेख लिहिला. चिलीतलं माझ्याहून जास्त कुणालाच कळत नाही, असा त्याचा मथळा. टेक्सासवाले पेटले. त्यांनी विक फाउलर नावाचा आपला पत्रकार उभा केला आणि टर्लिंग्वा ह्या वाळवंटातल्या उजाड गावी दोघांचा सामना लावला. एका परीक्षकानं ह्याला मत दिलं, दुसऱ्यानं त्याला दिलं, आणि तिसऱ्यानं आपली जीभच कामातून गेल्याचं सांगून हात वर केले. सामना बरोबरीत सुटला. हा स्मिथ विनोदी लेखक होता. विनोदी लेखकाला लोकांनी इतक्या गंभीरपणे घेतल्याचं जगाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं.

शुक्रवारी बाजारहाट. बरोबर जावईबापू आणि चार वर्षांचा नातू. लाल राजमा घेतला, काळा घेवडा घेतला आणि पुढच्या खणातला बदामी रंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा दाणा पाहून मी थबकलो. वर 'पिंटो' असं नाव लिहिलेलं. माझं आजोळ कोरेगावचं, साताऱ्याकडचं. घेवड्याची जात मला कुणी शिकवू नये.

'अरे, हा तर आपल्या वाघ्याचा भाऊ!' मी दुकानातच ओरडलो.

'कुठाय वाघ?' म्हणून नातवानं माझ्या पायाला मिठी मारली.

पुस्तकात तीन टेबलस्पून चिली पावडर सांगितली होती. ती कशाला विकत घ्या, हिनं आणलेल्या लाल तिखटाचा डबा घरात आहेच, असं मी म्हणालो. जावईबापूंनी तिथूनच लेकीला फोन केला. फोनमधून लेक एवढ्या जोरात ओरडली, की दोन माणसांनी मागे वळून पाहिलं. अमेरिकेतली चिली पावडर म्हणजे नुसतं तिखट नव्हे. तो मसाला असतो. त्यात सौम्य मिरची, जिरं, ओरेगानो, लसूण असं सगळं असतं. गेबहार्ट नावाच्या एका जर्मन गृहस्थानं १८९० च्या दशकात जवळच्याच न्यू ब्राउनफेल्स गावी ती करून विकायला सुरुवात केली होती. थोडक्यात, आपल्या गोड्या मसाल्याची ही लांबची मावशी. 'आईचं तिखट तीन टेबलस्पून घातलंत,' लेक म्हणाली, 'तर शेजारचे आजोबा टोपीसकट जातील.'

मग मी ठरवलं, मसाला घरीच करायचा. आंचो नावाची सुकी मिरची घेतली. काळपट, सुरकुतलेली, वास घ्यावा तर मनुकांचा. गल्ल्यापाशी उभा राहून मी पाटीतल्या जिनसा मोजत होतो आणि मोजता मोजता एक गंमत लक्षात आली. मिरची, टोमॅटो, मका, घेवडा, ढोबळी मिरची, चॉकलेट, हे सगळे ह्याच खंडातले. पाचशे वर्षांपूर्वी ह्यांतलं आपल्याकडे काहीच नव्हतं. तिखटाला आपल्याकडे मिरी होती. पोर्तुगिजांनी मिरची आणली. ती आपल्या घरात अशी काही रुळली, की आता ती परकी होती म्हणून सांगितलं तर ठेच्याचा खलबत्तासुद्धा विश्वास ठेवणार नाही. आणि त्याच पाटीत कांदा, लसूण, जिरं, कोथिंबीर ही आपल्या बाजूनं इकडे येऊन नांदणारी मंडळी. म्हणजे मिरचीचं माहेर हे, सासर आपलं. माझ्या लेकीचं माहेर आपलं, आणि सासर म्हणावं तर हे. मी त्या सुरकुतलेल्या मिरचीकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. व्याह्यांकडून आली होती ती.

रात्री तिन्ही घेवडे भिजत घातले आणि पडल्या पडल्या स्वप्नं पाहू लागलो. लहानपणी शेखचिल्लीची गोष्ट ऐकली होती. डोक्यावर तुपाचं मडकं आणि मनात कोंबड्या, शेळ्या, गाई, बायको, मुलं. माझ्या डोक्यावर आता चिलीचं भांडं होतं. टोपीकर डोळे पुसत आहेत. टोपीकर टोपी काढून ती माझ्या डोक्यावर ठेवत आहेत. मी टर्लिंग्वाच्या वाळवंटात उभा आहे. विधिमंडळ ठराव दुरुस्त करून घेवड्याला मान्यता देत आहे. शेवटी ही पुढे होऊन सर्वांसमक्ष म्हणते आहे, 'मला नाही बाई कधी असं जमलं.' 'छे छे,' असं नम्रपणानं म्हणायला मी मान हलवली, आणि उशी खाली पडली.

शनिवारी सकाळी मी फुगलेला घेवडा लेकीच्या स्लो कुकरमध्ये ओतला. हे विजेवर चालणारं एक जाड भांडं असतं. पदार्थ आत घालायचा, बटन दाबायचं आणि सहा-आठ तासांनी यायचं. काही न करता काम केल्याचं श्रेय देणारं हे यंत्र एखाद्या सरकारी कचेरीतच शोधलं गेलं असावं.

ही ठरल्याप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. हात मांडीवर. हिचे हात असे नुसते मांडीवर ठेवलेले मी प्रथमच पाहत होतो. त्या हातांनाही तिथे काय करायचं ते कळत नसावं. मधूनच ते पदराच्या टोकाला पीळ घालत आणि सोडत.

दोन तासांनी ती म्हणाली, 'अहो, एक विचारू?'

'विचारायचं नाही असं ठरलंय.'

'बरं.'

दहा मिनिटं गेली.

'शिट्टी झाली नाही, एवढंच म्हणत होते.'

'ह्या कुकरला शिट्टी नसते.'

'मग शिजलं हे कळायचं कसं?'

'घड्याळावरून.'

ही उठली. झाकण काढून तिनं राजम्याचा एक दाणा उचलला, अंगठा आणि तर्जनी ह्यांमध्ये दाबला आणि माझ्या तळहातावर ठेवला. 'ह्याच्या पोटात खडा आहे. पाणी उकळतसुद्धा नाही धड. हे खाऊन माणसं रात्रभर जागी राहतील.'

लेकीनं लगेच फोनवर शोधलं आणि वाचून दाखवलं. राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं एक द्रव्य असतं. निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात दाणा चांगला खळखळून उकळला तरच ते नष्ट होतं. स्लो कुकरच्या मंद आचेवर ते होत नाही. उलट असा अर्धकच्चा दाणा कच्च्यापेक्षाही बाधू शकतो, आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. मला त्या नावानंच मळमळायला लागलं.

'तुला हे ठाऊक होतं?' मी हिला विचारलं.

'नाव कशाला ठाऊक असायला हवं? घेवडा कच्चा ठेवायचा नाही, एवढं आईनं सांगितलं होतं.'

पाणी फेकलं, आणि घेवडा हिनंच कधीकाळी पुण्याहून आणलेल्या प्रेशर कुकरमध्ये गेला. पहिली शिट्टी झाली तेव्हा हिचा चेहरा, परगावी आपल्या गल्लीतलं माणूस भेटावं तसा झाला.

मग मी कांदे चिरायला घेतले. 'आजी, आजोबांना कोण रागावलं?' असं नातू विचारू लागला. सुक्या मिरच्या तव्यावर भाजायला टाकल्या आणि दोन मिनिटांत घरभर ठसका उठला. छताला लावलेली धुराची घंटा कोकलायला लागली. जावईबापू खुर्चीवर चढून तिला टॉवेलनं वारा घालू लागले. कुंपणापलीकडून टोपीकरांचा आवाज आला, 'सगळं ठीक आहे ना?' 'चिली!' मी खोकत ओरडलो. 'अस्सं!' ते म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच थोडा आदर होता.

पुढचं मात्र रीतसर झालं. तेलात कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची परतली. जिरं, ओरेगानो आणि गरम पाण्यात भिजवून वाटलेली आंचो घातली. डब्यातले टोमॅटो ओतले. माझ्या रक्तदाबामुळे लेक बिनमिठाचेच आणते. मक्याचे दाणे आणि शिजलेला घेवडा घातला. मांस नाही तर दाताखाली काहीतरी यायला हवं, म्हणून दोन मुठी लापशीचा रवा घातला. शेवटी काळ्या चॉकलेटचा एक तुकडा.

'अहो, घेवड्यात चॉकलेट?'

'मेक्सिकोत मिरचीबरोबर घालतात.'

'मी काही म्हटलं नाही.'

राहिलं मीठ. इथे मी प्रथमच हिचा सल्ला घेतला. 'मीठ किती घालू?'

'अंदाजानं.'

'अंदाजानं म्हणजे किती चमचे?'

'चमचे ठाऊक असते, तर अंदाज कशाला म्हटलं असतं?'

मी पुस्तक उघडलं. 'मीठ शेवटी, चवीनुसार.' मी नियमाचा माणूस. शेवटी म्हणजे शेवटी. मिठाची वाटी शेगडीशेजारी मांडून ठेवली आणि दीड तास मंद आचेवर चिली रटरटू दिली. रंग तांबूस-काळा आला. वास असा, की नातू खेळ टाकून दोनदा डोकावून गेला. आता शेवटचं झाकण काढायचं, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

टोपीकर आणि त्यांच्या सौभाग्यवती. या-बसा झालं. टोपी गुडघ्यावर आली. लेकीनं वाडगे मांडले, मी वाढलं. सगळे बसले. मी बसलो नाही. हातात पळी घेऊन उभा राहिलो.

पहिला घास हिनं घेतला. डोळे किंचित मिटले.

ती जेमतेम अर्धं मिनिट तशी असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या पायांतली शक्ती गेली. सबंध दिवसाचे कांदे, धूर, शिट्ट्या, सगळं त्या एका चमच्यात जाऊन बसलं होतं आणि आता ते माझ्या हातात नव्हतं. ऑफिसात माझ्या टेबलासमोर वही ठेवून उभे राहणारे कारकून मला आठवले. आणि मग, हिशेब तपासणारा माणूस मी, मनातल्या मनात गुणाकार झालाच. दिवसाला दोन जेवणं. चव्वेचाळीस वर्षं. ३२,१२०. लीप वर्षं धरली नाहीत.

'छान झालंय,' ही म्हणाली.

मग तिनं खारवलेल्या मक्याच्या चिप्सचा वाडगा पुढे ओढला, मूठभर चिप्स चुरून आपल्या चिलीवर घातल्या, वर किसलेलं चीज भुरभुरवलं आणि पाहुण्यांना तिच्या इंग्रजीत सांगितलं, की हे असं भरपूर घालूनच खायचं असतं. टेक्सासच्या माणसाला चिली कशी खायची ते साताऱ्याच्या सुनेनं शिकवलं. त्यांनी मुकाट्यानं चिप्स चुरल्या. नातवाच्या वाडग्यात हिनं स्वतः चीज घातलं. जावईबापूंपुढे लिंबाच्या लोणच्याची बरणी गेली.

टोपीकरांनी वाडगा संपवला, चमचा खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, 'ही चिली नाही. कुठल्याही कोर्टात मी शपथेवर सांगेन, ही चिली नाही.' आणि वाडगा पुढे केला. 'आणखी आहे का थोडी?'

सगळे हसले. मी तरंगत तरंगत खुर्चीवर बसलो आणि पहिला चमचा तोंडात घातला. घेवडा लोण्यासारखा मऊ झाला होता. मिरचीचा धुरकट तिखटपणा होता, चॉकलेटचा किंचित कडवटपणा मागून येत होता.

मीठ कमी नव्हतं. मीठ नव्हतंच. शेगडीशेजारची वाटी काठोकाठ भरलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती.

रात्री दिवा मालवल्यावर मी म्हणालो, 'मीठ नव्हतं.'

'हं.'

'पहिल्याच घासाला कळलं असेल तुला.'

'वासावरूनच कळलं होतं.'

'मग बोलली का नाहीस?'

ही थोडा वेळ गप्प होती. 'पळी घेऊन उभे होतात ना,' ती म्हणाली आणि कूस वळवून झोपली.

मला बराच वेळ झोप आली नाही. घेवडा तर चांगला शिजला होता.

पुढचा बुधवार आला. तेच टेबल, तीच चिंचगुळाची आमटी. मी पहिला घास घेतला. डोळे उघडे ठेवले. हिच्याकडे पाहिलं. ही भात वाढता वाढता माझ्याकडे बघत होती. कदाचित नेहमीच बघत असेल.

'आमटी झकास झालीय,' मी म्हणालो आणि वाटी रिकामी करून पुढे केली. 'आणखी वाढ.'

हिनं आमटी वाढली. मग मिठाची वाटी माझ्या पानाकडे सरकवली.

'घ्या आता वरून,' ती म्हणाली. 'आज मीठ घातलंच नाहीये. बघत होते, काय म्हणता ते.'